मागीलप्रमाणे

माझ्या धाकट्या दिरांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद तपासले. शेअर दलालांच्या एका कचेरीत ते कम्प्लायन्स अधिकारी होते. मी त्यांना पोलीस म्हणायची.

"पोलीस नव्हे वहिनी. पोलीस गुन्हा झाल्यावर येतात. आम्ही आधीपासूनच बसलेलो असतो."

"मग तर जास्तच वाईट," मी म्हणायची.

हे काम काय असतं ते एकदा सांगून टाकते, म्हणजे पुढे अडायला नको. त्यांची कंपनी दोन धंदे करते. लोकांच्या सांगण्यावरून शेअर घेऊन-विकून देते, आणि वेगळी फी घेऊन साठवलेल्या पैशांचं काय करावं याचा सल्ला देते. हे दोन धंदे एका छपराखाली आले की मोह होतोच. ज्या योजनेत कंपनीला कमिशन जास्त, तीच योजना ग्राहकाला "अगदी तुमच्यासाठीच" आहे असं वाटायला लागतं. तसं होऊ नये म्हणून वर एक नियामक मंडळ असतं, त्याचे नियम असतात, आणि ते पाळले जातात की नाही हे बघायला कंपनीला स्वतःच्याच घरात एक माणूस बसवावा लागतो. पगार कंपनीचा, आणि काम कंपनीलाच "थांबा" म्हणायचं. असल्या नोकरीत माणूस एक तर लबाड होतो नाहीतर चक्रम. भाऊजी दुसऱ्या वाटेने गेले.

कचेरी तिसऱ्या मजल्यावर, खाली चष्म्याचं दुकान. लिफ्टमधून बाहेर पडलं की डाव्या हाताला भाऊजींची काचेची खोली, झेरॉक्स यंत्राला लागून. दाराची कडी त्यांनी स्वतःच काढून घेतली होती. तक्रार घेऊन येणाऱ्याला दार वाजवायची लाज वाटू नये, म्हणून. फॉर्ममध्ये एखादा रकाना रिकामा दिसला की ते शेजारी पेन्सिलीने बारीकशी फुली मारत, आणि कागद जिथून आला तिथे परत. त्यावरून त्यांचं नावच फुली पडलं होतं. "फुली आले" असं कुणी पुटपुटलं की अख्ख्या मजल्यावरची माणसं खुर्चीत सरळ होत. त्यांना ठाऊक होतं. म्हणून लिफ्टमधून बाहेर पडताना ते मुद्दाम खाकरत.

लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणत, अर्ज अपुरा होता. आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहत, जेवायला खाली आमच्याकडे येत. जेवण आवडलं तरी सरळ चांगलं म्हणणं नाही. "आजची भाजी छान झालीय वहिनी, मात्र यावरून उद्याच्या भाजीविषयी कोणतंही अनुमान काढू नये." माझा नवरा ठसका लागेपर्यंत हसायचा. मला सुरुवातीला हसू यायचं. पंचवीस वर्षं तोच विनोद ऐकून बघा.

पण गंमत सोडा, माणूस लख्ख होता. एका ग्राहकाने घरच्या झाडाची लिंबं पिशवी भरून पाठवली. ग्राहकाकडून काही आलं तर भेटवस्तूंच्या वहीत नोंद हवी. भाऊजींनी लिंबं मजल्यावर वाटली, प्रत्येकी दोन, आणि वहीत सतरा माणसांची सतरा ओळींत नोंद केली. ज्याने घेतली नाहीत त्याच्या नावापुढे "नकार दिला" असंही लिहिलं.

कचेरीत रोज जेवणानंतर तासभर ते कानाला हेडफोन लावून आदल्या दिवशीची फोनवरची बोलणी ऐकत. दलालाचे सगळे फोन ध्वनिमुद्रित होतात, त्यातले काही तपासावे लागतात. आवाजावरून त्यांना शेकडो ग्राहक ओळखू यायचे. एका म्हातारबुवांना तर दलालामार्फत निरोप पाठवला होता, "शेअरचं राहू द्या, आधी खोकला दाखवून घ्या." एके दिवशी अशाच एका फोनवर कुणीतरी म्हणालं, "खात्रीच आहे समजा." हा शब्द या धंद्यात चालत नाही, बाजारात कुणालाच कसली खात्री देता येत नाही. आणि बोलणारा होता कंपनीचा मालक. भाऊजींनी मालकालाच दोन दिवसांच्या उजळणीला बसवलं, शेवटी लेखी परीक्षा घेतली. मालक दोन गुणांनी नापास. पुन्हा बसवलं. आता मालक हा गोड जिभेचा, ढेरपोट्या, मनाने चांगला माणूस. तो हे सगळीकडे हसत सांगायचा. पण दुसऱ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याने घरी खरंच अभ्यास केला होता, हे मला त्याच्या बायकोने सांगितलं.

भाऊजींचा सगळ्यात जास्त जीव होता तो वार्षिक प्रश्नावलीवर. सल्ला घेणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला दरवर्षी बावीस प्रश्न विचारायचे असतात. वय काय, घरात कोण कोण, कमावतं कोण, तब्येत कशी, पैसे कधी लागणार, निम्मे बुडाले तर झोप लागेल का. उत्तरांवरून ठरतं की या माणसाला धाडसाचा सल्ला द्यायचा की सांभाळून राहण्याचा. सल्लागार मंडळींना याचा भारी कंटाळा. ती काय करत, गेल्या वर्षीचा फॉर्म समोर ठेवून बावीसही रकान्यांत "मागीलप्रमाणे" लिहीत आणि ग्राहकाची सही घेत. भाऊजींना हा शब्द शिवीसारखा लागे. एकाला त्यांनी भर उन्हात शहराच्या दुसऱ्या टोकाला परत पाठवलं होतं.

"अहो साहेब, त्या आजींचं काय बदलणार आहे वर्षात?"

"ते तुम्ही ठरवायचं नाही. विचारून या."

तो विचारून आला. आजींना वर्षभरात दिसेनासं झालं होतं, आणि कंपनीची पत्रं त्या शेजाऱ्याकडून वाचून घेत होत्या. तेव्हापासून ती गोष्ट नवीन माणसाला पहिल्या दिवशी ऐकवली जायची.

माझेही थोडे पैसे याच कंपनीच्या सल्ल्याने गुंतवलेले होते. नातेवाइकाचे प्रश्न नातेवाइकाने विचारायचे नाहीत, हा भाऊजींनीच घालून दिलेला नियम. त्यामुळे माझ्याकडे दरवर्षी त्यांच्या कचेरीतल्या सल्लागारबाई येत. चाळिशीच्या पुढच्या, दोन मुलांच्या आई, उंच टाचांचे बूट, जिना चढताना टकटक ऐकू येई. बाई हुशार, आणि माझ्यासारखीच फटकळ, त्यामुळे आमचं जमे.

गेल्याच्या गेल्या वर्षी माझा नवरा गेला. दुपारी साडेतीनला, वर्तमानपत्र हातात असताना. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही. भाऊजी नेहमीप्रमाणे जेवायला येत राहिले. टेबलाच्या त्याच बाजूला बसत. मी वाढायची, ते जेवायचे, ताट धुऊन ठेवायचे, वर जायचे. भाजीवरचा विनोद बंद झाला. माझ्या नवऱ्याचं नाव आम्ही दोघांनीही काढलं नाही. एकानं काढलं असतं तर दुसऱ्याला काहीतरी बोलावं लागलं असतं. दोघांनाही ते नको होतं.

असं वर्ष गेलं. मग एका रविवारी दुपारी भाऊजी जेवायला बसले आणि जेवलेच नाहीत. पोळीचा तुकडा मोडून तसाच हातात.

"काय झालंय?" मी विचारलं.

"काही नाही."

"भाऊजी, मी चाळीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलंय. काही नाही म्हणणारी पोरं मला ओळखू येतात."

त्यांनी तुकडा ताटात ठेवला. "नियामक मंडळाचं पत्र आलंय. गुरुवारी तपासणी. पासष्ट वर्षांवरच्या सगळ्या ग्राहकांच्या दोन वर्षांच्या प्रश्नावल्या मागितल्यात."

"मग? तुमचं तर सगळं चोख असतं. एकोणीस वर्षांत एक शेरा नाही."

"त्यात तुमचीही आहे वहिनी." मग थांबून म्हणाले, "तुमच्या फॉर्मवर मी खोटं लिहिलंय."

मला आधी समजेचना. मग त्यांनी एकेक सांगितलं. माझा नवरा गेल्यावर दोन महिन्यांनी माझी प्रश्नावली भरायची वेळ आली. सल्लागारबाई यायला तयार होत्या. भाऊजींनीच त्यांना अडवलं, "आत्ता नको, मी बघतो." स्वतः टेबलाशी फॉर्म घेऊन बसले. पहिला प्रश्न वयाचा. दुसरा, वैवाहिक स्थिती. तिथे त्यांनी लिहिलं, मागीलप्रमाणे. आणि एकदा तिथे लिहिल्यावर पुढे दुसरं काय लिहिणार? घरात आणखी कोणाचं उत्पन्न? मागीलप्रमाणे. पैशांचे निर्णय कोणाशी बोलून घेता? मागीलप्रमाणे. मागच्या वर्षी तिथे लिहिलेलं होतं, पतीशी.

"आणि मी सही केली?"

"जिन्यात. तुम्ही दवाखान्यात निघाला होतात. भिंतीला कागद लावून केलीत."

मला आठवलं. मी वाचलंसुद्धा नव्हतं. मी कुठलाच कागद वाचत नाही, तेवढा दम कुणाला आहे? आणि न वाचता सही करणाऱ्यांवर जन्मभर करवादणाऱ्या या माणसाने त्या दिवशी मला स्वतःचं पेन पुढे केलं होतं.

"बरं, पण माझं नुकसान तर काही झालं नाही ना?"

"नाही. पण वर्षभर कंपनी तुम्हाला घरात दुसरी पेन्शन येणारी बाई समजून सल्ला देत होती. नुकसान झालं नाही ती बाजाराची मेहेरबानी, माझी नव्हे."

"आता काय होईल?"

"अधिकारी राहता येणार नाही. परवानाही काढून घेऊ शकतात. तो गेला की या धंद्यात कुठेच उभं राहता येत नाही." अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, दुसरं काही काम येत नाही. त्यांनी ताट उचललं, न जेवलेलं, आणि ते धुवायला घेतलं. मी हिसकावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक आला. तीन जिने चढून आल्यामुळे धापा टाकत होता. भाऊजींनी आदल्याच दिवशी फोन करून त्याला सगळं सांगितलेलं.

"वहिनी, आता तुम्हीच समजवा त्याला. हा बघा कोरा फॉर्म. सगळी खरी उत्तरं लिहू, एक अक्षर खोटं नको. फक्त तारीख तेवढी गेल्या वर्षीची. जुना कागद मी फाडतो. कुणाचं काय गेलं?"

खरं सांगायचं तर मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उत्तरं खरी, सही माझी, पैसे माझे, नवरा माझा. एक तारीख ती काय! मी पेन उघडलं. तेवढ्यात भाऊजी वरून खाली आले. दारातच त्यांना फॉर्म दिसला.

"वहिनी, पेन ठेवा."

"तुम्ही मध्ये पडू नका. नातेवाईक आहात."

"म्हणूनच सांगतोय. खोटं आत्तापर्यंत माझ्या एकट्याचं आहे. त्या तारखेखाली सही केलीत की तुमचंही होईल. यांचंही."

"अरे बाबा," मालक म्हणाला, "मीच म्हणतोय ना! माझी कंपनी आहे!"

"तुम्ही दोनदा परीक्षा दिलीत, साहेब. प्रश्न क्रमांक नऊ."

प्रश्न क्रमांक नऊ मागच्या तारखा टाकण्याबद्दलच असणार, मी विचारलं नाही. माझं डोकं मात्र तापलं होतं. "एवढं कळतं तर वर्षभर काय झोपला होतात? फाइल तुमच्याच कपाटात होती ना?"

"होती. रोज दिसायची."

"मग दुरुस्त का नाही केलीत?"

"दुरुस्त करायची तर विचारावं लागलं असतं."

"मग विचारायचं!"

"कसं विचारणार, वहिनी?" "मी तुमच्यासमोर बसून विचारणार, की तुमची वैवाहिक स्थिती काय?"

"का? मला माहीत नव्हतं का तो गेलाय?"

हे मी फार मोठ्याने बोलले. मालकाने खिडकीकडे तोंड फिरवलं. मग मालकानेच तो कोरा फॉर्म घडी करून खिशात घातला, आणि जाताना भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चक्रम आहेस. गुरुवारी मी शेजारी बसेन."

बुधवारी भाऊजींनी स्वतःविरुद्धचा अहवाल लिहिला आणि मला वाचायला दिला. माझ्या नावाचा उल्लेख होता म्हणून माझी संमती लागत होती. दोन पानं, सगळं तृतीयपुरुषी. "सदर अधिकाऱ्याने ग्राहकास प्रत्यक्ष न विचारता..." वगैरे. कारणाचा कुठे पत्ता नाही.

"कारण लिहा."

"कारणाने नियम मोडल्याचं न मोडल्यासारखं होत नाही."

"मी तसं म्हटलंच नाही. पण ज्याला शिक्षा द्यायची तो कोण आहे हे तरी त्यांना कळू दे. नाहीतर त्यांना वाटेल तुम्ही आळशी आहात."

हे लागलं. बराच वेळ पेन हातात धरून बसले आणि शेवटी एक ओळ घातली. "ग्राहकाचे दिवंगत पती हे सदर अधिकाऱ्याचे थोरले बंधू होत." एवढंच. मी पुढे भांडले नाही. मी वेगळ्या कागदावर ग्राहक म्हणून माझं पत्र लिहिलं, की न वाचता सही केली ती मी, आणि तेही जोडून घेतलं.

गुरुवारचं मला मालकाने सांगितलं. तपासनीस बाई आल्या, तिशीच्या, सडपातळ, चाकांची बॅग ओढत. त्यांनी फाइली मागण्याआधीच भाऊजींनी अहवाल समोर ठेवला. बाईंनी तो सावकाश वाचला, माझं पत्रही वाचलं.

"हे आमचं पत्र येण्याआधी का नाही कळवलंत?"

"धीर झाला नाही," भाऊजी म्हणाले.

बाईंनी तेवढंच लिहून घेतलं आणि बाकीच्या दोनशे अकरा फाइली बघायला लागल्या. तीन दिवस बघत होत्या. एका रकान्यात चूक सापडली नाही. निघताना भाऊजींना त्यांनी एवढंच विचारलं, की भेटवस्तूंच्या वहीत लिंबं नाकारणारा माणूस कोण होता. तो हिशेबनीस. त्याला पित्ताचा त्रास आहे.

निकाल सहा आठवड्यांनी आला. त्या सहा आठवड्यांत भाऊजींचं वजन उतरलं, आणि निकालाबद्दल माझं आडून आडून विचारणं वाढलं. पत्रात होतं: दोन वर्षं अधिकारीपद नाही, परवाना राहील, कंपनीला लेखी ताकीद, माझी प्रश्नावली नव्याने, दुसऱ्या व्यक्तीकडून. काचेच्या खोलीत सल्लागारबाई बसल्या. भाऊजी बाहेर, खिडकीजवळच्या टेबलाशी, त्यांच्या हाताखाली. मला वाटलं होतं खचतील. पहिल्याच दिवशी येऊन म्हणाले, "बाईंनी माझ्या कागदावर फुली मारली. बरोबर मारली."

"तुम्हाला वाईट वाटलं नाही?"

"वाटलं. पण बरोबर होती."

त्या शनिवारी टकटक जिना चढून आली. भाऊजी माझ्याकडेच चहा घेत बसलेले.

"साहेब, तुम्ही बाहेर," नव्या अधिकारीबाई म्हणाल्या.

"मी आत स्वयंपाकघरात बसतो, दार लावून."

"घराबाहेर."

भाऊजी कप घेऊन जिन्यात गेले. बाईंनी दार लावलं, कागद काढले, आणि पहिला प्रश्न विचारला, मग दुसरा. जसा विचारायचा तसाच, आवाज न बदलता.

"विधवा," मी म्हटलं.

तोपर्यंत हा शब्द मी स्वतःबद्दल एकदाही उच्चारला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी कागदावरून मान वर केली नाही, ते बरं केलं. पुढचे वीस प्रश्न झाले. निम्मे पैसे बुडाले तर झोप लागेल का, याला मी म्हटलं, आत्ताही कुठे लागते. तर म्हणाल्या, काकू, हो किंवा नाही. पैशांचे निर्णय कोणाशी बोलून घेता, याला मी म्हटलं, कोणाशीच नाही. वरच्या मजल्यावर एक जाणकार आहेत, पण त्यांना काही विचारायला गेलं की नियम सांगतात. मग त्या हसल्या आणि तसंच्या तसं लिहिलं. मला धाडसाच्या रांगेतून काढून सावधांच्या रांगेत टाकलं. माझं मत वेगळं होतं. ऐकलं नाही.

त्या गेल्यावर मी जिन्यात बघितलं. भाऊजी पायरीवर बसले होते, कप रिकामा.

"झालं?"

"झालं."

"काय काय विचारलं?"

"ते सांगता येणार नाही. तुम्ही नातेवाईक."

"बरोबर आहे," असं म्हणून ते उठले, आत आले, आणि माझ्या नवऱ्याच्या रिकाम्या खुर्चीकडे सरळ बघत म्हणाले, "वहिनी, तुम्हाला माहीत आहे? सातवीत मी गणितात नापास झालो होतो. प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही याने केली होती. हुबेहूब."

"काय सांगता! आणि एवढी वर्षं बोलला नाहीत?"

"त्याने शपथ घातली होती." मग खुर्ची ओढून बसले आणि पुढचं सांगायला लागले. सही शिकायला त्याने किती पानं घालवली, आणि शेवटी पकडला कोण गेला. जेवण तासभर लांबलं. मी मध्येच त्यांना दोनदा दुरुस्त केलं, कारण सहीचं सोडलं तर त्यांच्या शाळेच्या दिवसांतलं निम्मं मला त्याने वेगळंच सांगितलं होतं.